अडीच पट की सव्वातीन पट? – ठिबकच्या नळ्यांचे रोलर कोस्टर

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार म्हणून ती दूरवर प्रसिद्ध आहे. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि सारंगखेडे त्यात गेले, तरी धुळ्याकडच्या माणसाला ती अजून आपलीच यात्रा वाटते. घोडे पाहून झाले की मुले आकाशपाळण्याकडे वळतात आणि तिथून 'मौत का कुवा'कडे. उभ्या लाकडी भिंतीवरून मोटरसायकल गरगर फिरते आणि खाली पडत नाही. यात्रेनंतर वर्गात पहिला प्रश्न येतो तो याचाच. हल्ली त्याला दुसरा जोडून येतो, कारण मुलांनी दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर रोलर कोस्टर पाहिलेले असते: "सर, त्यातली माणसे तर उलटी होतात. ती का पडत नाहीत?"

दोन्ही प्रश्नांना आपण घाईने एकच उत्तर देतो, 'अभिकेंद्री बलामुळे'. हे उत्तर चुकीचे नाही, पण त्याने काही उलगडतही नाही. कुव्यातल्या मोटरसायकलला भिंत आत ढकलते. ते झाले अभिकेंद्री बल. पण तिचे वजन तोलून धरते ते टायर आणि भिंत यांमधले घर्षण. कुव्याची त्रिज्या ४ मीटर आणि घर्षणांक ०.८ धरला, तर ताशी २५ किलोमीटरच्या खाली वेग गेला की गाडी घसरणार. शिवाय तिथे इंजिन सतत चालू असते. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. साखळीने तिला एकदा उंचावर ओढून नेले की पुढचा सगळा प्रवास त्या एका उंचीच्या भांडवलावर होतो. लूपच्या माथ्यावर तिला वर धरून ठेवणारे कोणतेही बल नसते. ती खरोखर खालीच पडत असते, पण पडता पडता इतकी पुढे जाते की रूळ तिच्याबरोबर वाकत राहतो. म्हणून ऊर्जा शिकवायला रोलर कोस्टर फार सोयीचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत असा एक संच आला होता. प्लास्टिकचे रूळ, खांब, एक छोटी मोटर, साखळी, आणि सोबत माहितीपत्रक. माहितीपत्रकात लिहिले होते की लूपच्या त्रिज्येच्या अडीच पट उंचीवरून गोळी सोडली की ती लूप पार करते. पुस्तकातही हेच असते. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात उभ्या वर्तुळातली गती आहे, आणि मौत का कुवाही तिथेच आहे. आम्ही संच जोडला, गोळी अडीच पटीवरून सोडली. ती लूपच्या माथ्याअलीकडेच रूळ सोडून टप्पकन खाली पडली. तीन पटीवर नेली तरी तेच. एका मुलाने चिकाटीने उंची वाढवत नेली आणि वहीत लिहिले, 'किमान उंची सव्वातीन पट'. मी त्यावर लाल रेघ मारून 'अडीच पट' लिहिले. संच सदोष आहे असे सांगून तो कपाटात ठेवून दिला.

संच सदोष नव्हता आणि मुलगाही चुकलेला नव्हता. त्याच्या वहीतला पाऊण पट जादा कुठून आला, याचा जवळजवळ पैन्‌पै हिशोब लागतो, आणि तो नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा'च्या पुढे फारसा जात नाही. तो मांडण्याआधी रूळ बनवू. महाग संचाची गरज नाही. खान्देशात याहून चांगला माल शेताच्या बांधावर पडलेला असतो.

जळगाव जिल्हा केळीचा, आणि केळीमुळे ठिबक सिंचनाचा. ठिबकच्या नळ्यांच्या उद्योगामुळे जळगावचे नाव देशभर झाले. रावेर-यावलकडे कोणत्याही शेतकऱ्याकडे छिद्रे बुजल्यामुळे बाद झालेल्या काळ्या लॅटरलची भेंडोळी असतात. ती भंगारातच जातात. त्यातली १६ मिलिमीटरची आठ-दहा मीटर नळी मागून आणावी. ती गुंडाळून ठेवलेली असल्याने वेटोळे सोडत नाही. उन्हात पसरून दोन टोके ताणून बांधावी, दुपारपर्यंत सरळ होते. (जळगावच्या उन्हाचा असा उपयोग क्वचितच होतो.) लूपच्या भागाला मात्र हे वेटोळेच कामाला येते.

दोन नळ्या समांतर ठेवायच्या, मध्ये एक सेंटिमीटर फट. दाभण तापवून दर पंधरा सेंटिमीटरवर दोन्ही नळ्यांना आडवे आरपार भोक पाडावे. त्यातून सेंट्रिंगची बारीक तार ओवावी, मध्ये बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा एक सेंटिमीटरचा तुकडा घालावा आणि तारेची टोके बाहेरच्या बाजूने पिळावी. रिफिल बारीक असते म्हणून वरून जाणारी गोटी तिला लागत नाही. पेनाची जाड नळी घातली तर लागते. तार नळ्यांच्या वरून गुंडाळू नये, गोटी तिथे ठेचकाळते. लूपच्या भागात दोन्ही नळ्यांच्या आत जाड जीआय तार सरकवली तर दिलेला बाक टिकून राहतो.

खांबांना बांबूच्या कामट्या. आमच्या मुलांनी आधी कपाशीच्या पऱ्हाट्या वापरून पाहिल्या; फुकट मिळतात, पण एकही सरळ नसते. खांब जवळजवळ हवेत. दोन खांबांत अंतर जास्त पडले की गोटी जाताना रूळ खाली दबतो, मागाहून हलत राहतो, आणि ती हालचाल गोटीच्या ऊर्जेतूनच वजा होते. रूळ हाताला गच्च लागला पाहिजे. उतार साठ-सत्तर सेंटिमीटर उंचीपासून सुरू करावा, पण फार उभा नको. फार उभ्या उतारावर गोटी गडगडण्याऐवजी घसरू लागते आणि पुढचा हिशोब बिघडतो. लूप संपताना रूळ सुरुवातीच्या रुळाशेजारून बाहेर निघायला हवा, म्हणून वेढा सात-आठ सेंटिमीटर बाजूला सरकवत आणायचा.

गोटी २५ मिलिमीटर व्यासाची घ्यावी, काचेची किंवा गॅरेजमधून आणलेला बेअरिंगचा छर्रा. वर चढवायला मोटर लावायची तर खेळण्यातली गिअरवाली पुरते. वीस ग्रॅमची काचेची गोटी अर्धा मीटर उचलायला एक दशांश जूलच लागतो. आम्ही मोटर लावलीच नाही. सायकलच्या जुन्या साखळीला बाटल्यांची झाकणे बांधून हाताने फिरवायचे रहाटगाडगे केले. ज्यांच्या आजोबांच्या विहिरीवर रहाट होता त्यांना ते लगेच समजले.

आता हिशोब. उंची आणि त्रिज्या दोन्ही गोटीच्या मध्यबिंदूच्या घ्यायच्या, रुळाच्या नव्हे. इथे निम्म्या मापनांत चूक होते. गोटीच्या मध्याच्या मार्गाची त्रिज्या १५ सेंटिमीटर हवी असेल, तर नळीच्या मध्याची त्रिज्या साडेसोळाच्या किंचित पुढे ठेवावी लागते.

लूपच्या माथ्यावर गोटीचे वजन हेच पूर्णपणे अभिकेंद्री बल ठरेल, एवढा वेग तिला किमान हवा. म्हणजे वेगाचा वर्ग = गुरुत्वत्वरण × त्रिज्या. घर्षणाशिवाय घसरणाऱ्या वस्तूला एवढा वेग मिळवायला किती उंचीवरून पडावे लागते? बरोबर अर्ध्या त्रिज्येवरून. माथा स्वतः दोन त्रिज्यांच्या उंचीवर आहे. दोन अधिक अर्धी, म्हणून अडीच. पुस्तकातले उत्तर हे, आणि ते बरोबर आहे. पण ते घसरणाऱ्या वस्तूचे आहे.

आपली गोटी घसरत नाही, गडगडते. पुढे जाताना ती स्वतःभोवती फिरते आणि त्या फिरण्यातही ऊर्जा असते. सपाट जागेवर गडगडणाऱ्या भरीव गोलाच्या बाबतीत ही फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या दोन-पंचमांश, म्हणजे ०.४ पट असते. माथ्यावर तोच वेग हवा असेल तर आता १.४ पट ऊर्जा लागणार. अर्ध्या त्रिज्येच्या जागी ०.७ त्रिज्या. एकूण २.७.

पण आपला रूळ सपाट नाही, दोन नळ्यांचा आहे. गोटी तळाशी टेकत नाही, दोन बाजूंना टेकते. ज्या वर्तुळावर ती टेकते त्याचा घेर गोटीच्या पूर्ण घेरापेक्षा लहान असतो. १६ मिलिमीटरच्या नळ्या, १० मिलिमीटर फट आणि २५ मिलिमीटरची गोटी, यांवरून टेकण्याच्या वर्तुळाची त्रिज्या १२.५ ऐवजी सुमारे ९.७ मिलिमीटर येते. (नववी-दहावीच्या मुलांना पायथागोरसने काढता येते: नळीच्या आणि गोटीच्या मध्यांतले अंतर २०.५, त्यातली आडवी बाजू १३.) पूर्ण घेर साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर, टेकण्याचा घेर एकसष्टच्या आसपास. म्हणजे तेवढेच अंतर जायला गोटीला जास्त फेरे मारावे लागतात. विश्वास बसत नसेल तर गोटीवर रंगाचा ठिपका द्यावा आणि एक मीटर अंतरात फेरे मोजावे. फरशीवर पावणेतेरा भरतील, या रुळावर साडेसोळा. मोबाइलवर संथ चित्रण करून मोजणे सोपे जाते.

जास्त वेगाने फिरणे म्हणजे फिरण्यात जास्त ऊर्जा. ०.४ चा आकडा आता ०.४ भागिले ०.६, म्हणजे ०.६७ होतो. अर्ध्या त्रिज्येच्या जागी ०.८३ त्रिज्या. किमान उंची २.८३ पट. आपल्या १५ सेंटिमीटरच्या लूपला अडीच पटीने साडेसदतीस सेंटिमीटर पुरायला हवे होते. आता साडेबेचाळीस लागतात, आणि अजून घर्षण मोजलेलेही नाही. फट न ठेवता नळ्या एकमेकींना चिकटवल्या तर हाच आकडा २.७४ वर येतो, मात्र खोबण उथळ झाल्याने वळणावर गोटी बाहेर पडू लागते. संच बनवणारे फट का ठेवतात ते इथे कळते, आणि त्या सुरक्षिततेची किंमत उंचीच्या रूपाने मोजावी लागते तेही.

उरलेला वाटा घर्षणाचा. तो वेगळा कसा काढायचा? मला या सगळ्यात सर्वांत आवडलेला प्रयोग हाच, आणि तो लूप बांधण्याआधी करायचा आहे. त्याच रुळाचा इंग्रजी 'यू'सारखा आकार करावा. एका बाजूने ४० सेंटिमीटर उंचीवरून गोटी सोडावी आणि दुसऱ्या बाजूला ती किती चढते ते पाहावे. इथे फिरण्याची ऊर्जा वाया जात नाही. चढताना गोटीचे फिरणे मंदावते आणि ती ऊर्जाही उंचीत परत मिळते. सर्वोच्च बिंदूला गोटी क्षणभर थांबते तेव्हा पुढे जाणेही शून्य आणि फिरणेही शून्य. म्हणून 'यू' मध्ये जी उंची कमी भरली, ती सगळी घर्षणाने आणि रुळाच्या हलण्याने खाल्ली. लूपच्या माथ्यावर तसे नसते. तिथे गोटी थांबलेली नसते, फिरतच असते, आणि फिरण्यातली ऊर्जा त्या क्षणी तिच्या कामाची नसते.

समजा, 'यू' मध्ये ४० वरून सोडलेली गोटी समोर ३४ पर्यंत चढली. सहा सेंटिमीटर गेले. उतारावरून लूपच्या माथ्यापर्यंतचे अंतर साधारण 'यू'च्या एवढेच असेल, तर साडेबेचाळीसमध्ये सहा मिळवावे. साडेअठ्ठेचाळीस. त्याला पंधराने भागले की ३.२३ येतात. सव्वातीन पट.

मुलाच्या वहीत हेच होते.

अर्थात प्रत्येकाच्या रुळाचे घर्षण निराळे असेल आणि आकडा सव्वातीनच येईल असे नाही. तीनच्या आत आला तर रूळ उत्तम बांधला असे समजावे. साडेतीनच्या पुढे गेला तर खांब वाढवावे. एक मात्र कटाक्षाने करावे. एकदा गोटी पार झाली की तीच किमान उंची असे लिहून मोकळे होऊ नये. प्रत्येक उंचीवरून दहा वेळा सोडावी, किती वेळा पार झाली ते लिहावे आणि एकेक सेंटिमीटर वर जावे. दहापैकी शून्यापासून दहापैकी दहापर्यंतचा प्रवास दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात होतो. मुले या पट्ट्याने चक्रावतात. 'नेमके उत्तर कोणते?' असे विचारतात. त्यांना घाईने एक आकडा देऊ नये.

आता खऱ्या रोलर कोस्टरकडे. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ पासून असलेले नायट्रो हे कोस्टर सुमारे ४० मीटर उंचीचे आहे. गोराईच्या एस्सेल वर्ल्डमध्येही १९८९ पासून ते उद्यान २०२२ साली बंद होईपर्यंत याच तऱ्हेची लहान वाहने होती. ४० मीटरवरून घर्षणाशिवाय खाली आले तर वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. आपले ४० सेंटिमीटरचे मॉडेल त्याच्या शंभरपट लहान, पण वेग दहापटच लहान असतो, कारण वेग उंचीच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणून मॉडेलमध्ये सगळे फार झटपट उरकते आणि डोळ्याला नीट दिसत नाही.

आणखी एक फरक आहे. खऱ्या गाडीत फिरतात ती फक्त चाके, आणि गाडीच्या एकूण वस्तुमानात त्यांचा वाटा थोडा. म्हणून तिला पुस्तकातले अडीच पटच जवळचे. गंमत अशी की गडगडणाऱ्या गोटीला न लागू होणारे सूत्र माणसांनी भरलेल्या गाडीला बऱ्यापैकी लागू होते. आणि त्यामुळेच गोल लूप माणसांना सोसत नाही. अडीच पटीवरून आलेली गाडी लूपच्या तळाशी शिरते तेव्हा तिच्या वेगाचा वर्ग गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्येच्या पाचपट असतो. पाच वजनाइतके अभिकेंद्री बल, अधिक एक स्वतःचे वजन: बाकावर सहापट भार. पन्नास किलोच्या माणसाला तीनशे किलोचे झाल्यासारखे वाटते, आणि तेही अचानक, कारण सपाट रुळावरून एकदम वर्तुळात शिरायचे असते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ साली लामार्कस थॉम्पसनने उघडलेली पहिली गाडी ताशी सहा मैलांनी जाई, तिचा कुणाला त्रास नव्हता. १८९५ साली तिथेच उलटे फिरवणारे लूप आले, पण तळाशी बसणारा हिसका लोकांना झेपेना, आणि हा प्रकार बरीच वर्षे मागे पडला.

१९७६ साली कॅलिफोर्नियात जे लूप यशस्वी झाले ते गोल नव्हते. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने ते उलट्या थेंबासारखे केले. तळाशी वेग जास्त म्हणून तिथे त्रिज्या मोठी, माथ्याशी वेग कमी म्हणून तिथे लहान. रेल्वेचे रूळ सरळ मार्गावरून वळणात शिरतात तेव्हाही बाक असाच हळूहळू वाढवत नेतात. आपल्या नळ्यांना असा आकार सहज देता येतो. माथ्याची त्रिज्या दहा सेंटिमीटर आणि तळाची वीस करून पाहावी. किमान उंची कमी होते की नाही ते आधी मुलांना कागदावर काढायला सांगावे आणि मग गोटी सोडावी.

गाडी रूळ सोडून उडू नये यासाठी खऱ्या कोस्टरला रुळावर, रुळाच्या बाजूला आणि रुळाखाली अशी तीन जागी चाके असतात. खालच्या चाकांचे पेटंट १९१९ साली जॉन मिलरने घेतले. आपल्या गोटीला खालचे चाक नाही, म्हणून लूपनंतर उंचवटा करायचा तर तो पसरट करावा. नाहीतर गोटी सरळ तिसऱ्या बाकावर.

शेवटी गोटी थांबवायची कशी? मुले कापसाचा बोळा लावतात. आम्ही रूळ पुन्हा चढता केला. ही कल्पना रेल्वेची आहे. खान्देशातून मुंबईला जाताना इगतपुरीनंतर गाडी थळ घाट उतरते. चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र, म्हणून वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झालेच तर ती मुख्य मार्गावरून वळवून एका चढत्या फाट्यावर घालायची सोय तिथे आहे. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. ताशी ६० किलोमीटरच्या गाडीची सगळी गतिज ऊर्जा घर्षण सोडले तरी १४ मीटर उंचीत जिरते. गाडीचे वस्तुमान किती, डबे किती, याचा या आकड्याशी संबंध नाही. हे वाक्य वर्गात सांगितले की वाद होतो. होऊ द्यावा, आणि मग रुळावर काचेची गोटी व पोलादी छर्रा एकापाठोपाठ सोडावे.

एक सूचना राहिली. या नळ्या तापमानाने बऱ्याच वाढतात. सकाळच्या थंडीत बांधलेला रूळ तीस अंश तापला तर मीटरमागे अर्धा सेंटिमीटर किंवा किंचित जास्त लांबतो आणि दोन खांबांमध्ये पोक काढतो. डिसेंबरात लूप पार करणारी गोटी एप्रिलमध्ये पडू लागली, तर उंची वाढवण्याआधी खांबांच्या गाठी सैल करून रूळ पुन्हा ताणून घ्यावा, आणि 'यू'चे मापनही पुन्हा करावे.